जागा माझी, मत एकच

“जागा माही आहे, पन मत माहं एकच आहे.”

हे वाक्य माझे वडील देवमन खंडारे यांनी भर सभेत उच्चारलं, तेव्हा मी फ्रॉक घालायच्या वयाची होते आणि सतरंजीचे दोरे उसवत आईच्या मांडीशी बसले होते. प्रार्थनाघराचं दार कोणत्या बाजूला ठेवायचं, असा प्रश्न होता. वडील आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे उपदेशक. जागाही त्यांचीच, त्यांनी मंडळीला वापरायला दिलेली. त्यांना दार रस्त्याकडे हवं होतं. मंडळीतली हिरीबाई, तेव्हा तरणी होती ती, उभी राहिली आणि म्हणाली, “रस्त्यावरचे लोक नुसते पाह्यतीन, भाऊ. आत येनारे तं आमीच. दार वस्तीकडंच पायजे.” कोणीतरी म्हणालं की जागा भाऊंची आहे, त्यांनाच ठरवू द्या. त्यावर वडील वरचं वाक्य बोलले. मग मतं पडली आणि वडील हरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातांनी वस्तीकडची भिंत दारासाठी मोकळी सोडली.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकिलांचं मत पडलं. त्यांचं मत मी ऐकून घेतलं.

तर मी, सुवार्ता देवमन खंडारे, वय अठ्ठेचाळीस, अविवाहित, धंदा शिवणकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. पोटातली गाठ काढायला मला अकोल्याला जायचं आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. कारण आहे की नाही ते मी माझं ठरवलं आहे. अशा कागदात ‘शांत चित्ताने’ असा शब्द घालतात. तो मी घातलेला नाही, कारण ते खोटं होईल. माझं चित्त शांत नाही, मी फार रागात आहे. पण डोकं ठिकाणावर आहे आणि काय लिहिते आहे ते मला नीट कळतं. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. राहतं घर.

दोन खोल्या, पुढची ओसरी आणि मागचा संडास-मोरी, हे घर मी शिवणकामावर बांधलं. वडिलांचं शेत राजपालला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला गेलं, त्याबद्दल माझी कधीही तक्रार नव्हती आणि आजही नाही. हे घर मी राजपालची मुलगी सपना हिला देते. तिच्या वडिलांना नाही, पुढे तिचं लग्न झालं तर नवऱ्याला नाही, तिला. गेल्या वर्षापासून तिला माझ्याकडे यायची बंदी आहे. ती येते. “आत्या, बाबा म्हनतात तिच्या दारात पाय ठेवू नको,” असं पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली. “म्हनून मी मांगच्या दारानं आली.” या घराची दोन्ही दारं आता तिची.

दोन. शिवणकामाचं सामान.

पायाचं मशीन, पिको-फॉलचं मशीन, इस्त्री आणि कापायचं टेबल पिंकीला द्यावं. पिंकी माझ्याकडे शिकली आणि ब्लाउजचा गळा माझ्यापेक्षा चांगला काढते. गिऱ्हाइकांचे मापाचे ब्लाउज कपाटात आहेत, ते ज्याचे त्याला परत करावेत.

मोठी कात्री मात्र माझी वहिनी उज्ज्वला हिला. एकदा ती मागून नेऊन तिने कूलरचा पत्रा कापला होता आणि धुऊन-पुसून परत ठेवली होती, जणू मला कळणार नाही. मी धार लावून घेतली आणि बोलले नाही. त्या वेळी बोलले असते तर बरं झालं असतं. उज्ज्वलाचं आणखी एक येणं आहे, ते पुढे येईल.

तीन. बचत.

पोस्टातल्या खात्यातून माझ्या मातीचा खर्च व्हावा. उरलं तर हिरीबाईच्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला द्यावं. ती नको म्हणेल. तिचं ऐकू नये.

चार. प्रार्थनाघराची जागा.

या कलमासाठी हा सगळा खटाटोप आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते. वाचणारा आमच्यातला नसेल तर त्याला आधी आमची रीत सांगावी लागेल.

आमची मंडळी लहान आहे. आमच्यावर कोणी बिशप नाही, कोणतं मुख्य कार्यालय नाही. मंडळीचा मस्तक प्रभू येशू, आणि त्याच्या खाली बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस सारखा, असा आमचा विश्वास आहे. प्रभूचं मन एका माणसाला कळतं असं आम्ही मानत नाही. सगळे जमतात, प्रार्थना करतात, बोलतात, भांडतात, आणि मग सभेचा जो निर्णय होतो त्यात प्रभूचं मन शोधतात. पाळकाला सभाच नेमते आणि सभाच निरोप देते. पाळकाला उपदेश करायचा अधिकार आहे, हुकूम करायचा नाही.

मत देण्याची आमची पद्धत माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची. प्रत्येकाला एक तुरीचा आणि एक हरभऱ्याचा दाणा मिळतो. तूर म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. फडकं बांधलेल्या गाडग्यात एक दाणा टाकायचा आणि दुसरा तोंडात टाकून चावायचा, म्हणजे कोणी काय दिलं त्याचा मागमूस उरत नाही. सभा संपली की सगळी मंडळी कडाकडा चावत बाहेर पडते. हिरीबाईला दात नाहीत, ती पाण्याबरोबर गिळते आणि म्हणते, “माहं मत तं पोटातच राह्यते.” आमच्यात हात वर करून मत देत नाहीत. हात वर करतात ते प्रार्थनेत, डोळे मिटून, देवापुढे.

वडील वारल्यावर याच पद्धतीने राजपाल पाळक झाला. माझी तूर त्यालाच होती. तो शिकून आला होता, गळा गोड होता, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायचा. पहिली काही वर्षं त्याने चांगलं काम केलं, हे मी रागात असले तरी लिहिते.

मग बाहेरची एक मोठी संस्था आली. तिचं नाव मी या कागदात येऊ देणार नाही. तिची माणसं मोठ्या गाडीतून वाशीमहून आली, पत्र्याच्या छपराकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की आम्ही स्लॅबचं मंदिर बांधून देऊ, वर मनोरा, आत फरशी, पाळकाला पगार. मात्र जागा संस्थेच्या नावे झाली पाहिजे आणि मंडळी संस्थेच्या अधिकाराखाली आली पाहिजे. वडिलांनी ही जागा माझ्या नावे केलेली. त्यामुळे बक्षीसपत्रावर सही माझी लागणार होती.

मी राजपालला म्हटलं, “सभा बोलाव. सभा हो म्हणाली तर मी सही करते.” तो म्हणाला, “सभा कायले, ताई? कमिटी आहे ना.” कमिटी म्हणजे तो, किराणा दुकानवाला मोहनसिंग आणि जानराव. ही कमिटी पत्रे गळतात तेव्हा डांबर आणायला नेमली होती.

पण लोक कुजबुजायला लागले, तेव्हा त्याने एका रविवारी उपासनेच्या शेवटी मोठी प्रार्थना घेतली. सगळ्यांनी डोळे मिटले. तो रडवेल्या आवाजात म्हणाला, “हे प्रभू, तुझ्या नावाला साजेसं मोठं मंदिर या गावात उभं राहावं, असं ज्याच्या मनात आहे, त्याने आपला हात तुझ्यापुढे वर करावा.” हात वर झाले. कोण नाही म्हणेल? माझाही हात वर होता. आमेन झालं, डोळे उघडले, आणि मोहनसिंग उभा राहून म्हणाला, “पूर्ण मंडळीनं एकमतानं जागा देयाचं ठरवलं.”

मी जागेवरच उभी राहिले. “राजपाल, हे मतदान होतं का?”

“ताई, हात तू देवापुढं वर केला. आता मांगं घेतं का?”

“देवापुढं केला, तर मोहनसिंगनं काहून मोजला?”

कोणीतरी हसलं. मोहनसिंग म्हणाला, “कोनी तरी मोजा लागते ना, बाई.”

“म्हणजे तुमचे डोळे उघडे होते. सारी मंडळी प्रार्थना करत होती आणि तुम्ही गिनती करत होते.”

मोहनसिंग खाली बसला. राजपालचा चेहरा लाल झाला. त्या दिवसानंतर तो माझ्याशी भाऊ म्हणून बोललेला नाही.

मी सही केली नाही. फुलचंददादा, म्हणजे माझे चुलतभाऊ, निवृत्त शिक्षक, यांचं घर बौद्ध आहे. छप्पनच्या धर्मांतरात आमच्या घराची वाटणी झाली ती अशी, एक चूल बुद्धाकडे गेली आणि एक येशूकडे राहिली. दादा सगळं ऐकून म्हणाले, “तू येवढी कायले रडून राह्यली? जागा तुही. कुलूप लाव आन् चावी माह्याकडं दे.” मी कुलूप लावलं नाही. ज्या जागेवर वडिलांनी स्वतःला एका मतापेक्षा मोठं केलं नाही, तिथे मी मालकीण होऊन उभी राहणार नव्हते. मला सभा हवी होती. आजही तेवढीच हवी आहे.

पुढच्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरी वाटून खायच्या, रविवारी राजपालने व्यासपीठावरून वाचून दाखवलं की मंडळीचं ऐक्य मोडल्याबद्दल सुवार्ता देवमन खंडारे हिचं नाव सभासदांतून कमी करण्यात आलं आहे आणि तिने भोजनाला हात लावू नये. सभा नाही, विचारणा नाही. चुकलेल्या माणसाशी आधी एकट्याने बोलावं, मग दोघांतिघांना घेऊन, आणि शेवटी सगळ्या मंडळीपुढे, या पायऱ्या शास्त्रात सांगितल्या आहेत. त्यावर राजपालने दोनदा उपदेश केलेला मी ऐकला आहे. चांगला केला होता.

भाकरीचं ताट उज्ज्वला फिरवत होती. माझ्यापुढे आली, थांबली, आणि ताट माझ्या डोक्यावरून पलीकडे दिलं. तिच्या पदराचा काठ माझ्या कपाळाला लागला. ते पातळ मीच पिको केलं होतं. चाळीस-पन्नास माणसं सतरंजीकडे पाहत बसली. ज्यांच्या पोरांचे गणवेश मी उधार शिवले, ज्यांच्या मयताला मी रात्रभर बसले, ती सगळी सतरंजीकडे पाहत होती.

फक्त हिरीबाई सरकत सरकत माझ्याजवळ आली, स्वतःच्या भाकरीच्या तुकड्याचे दोन केले आणि एक माझ्या तळहातावर ठेवला.

राजपाल वरून म्हणाला, “हिरीमाय, असं केलं तं तुमालेबी बाहेर बसा लागन.”

“बसीन ना बापा,” हिरीबाई म्हणाली. “बाहेर वारा तरी लागते. इथं तं तू पंखाबी आपल्याकडंच फिरवून ठेवते.”

तो तुकडा मी खाल्ला. त्यावर माझा अधिकार होता की नव्हता याचा विचार मी अजून करते. रागाने खाल्लेलं प्रभुभोजन लागू होतं का, हे मला कळत नाही. हिरीबाईने प्रेमाने दिलेलं तरी लागू झालं असेल, असं धरून चालते.

हे सगळं सांगून झाल्यावर आता व्यवस्था लिहिते. प्रार्थनाघराची जागा, गावठाणातली, चारही बाजूंच्या खुणांसह, वेगळ्या तक्त्यात दाखवलेली, मी केनवडच्या मंडळीला देते. मंडळी म्हणजे पाळक नव्हे, कमिटी नव्हे, कोणतीही संस्था नव्हे. मंडळी म्हणजे बाप्तिस्मा घेतलेली सर्व प्रौढ माणसं, बाया आणि पुरुष, सतरंजीवर एकत्र बसलेली, डोळे उघडे, दार उघडं, आणि मध्ये गाडगं. अशी सभा भरून त्यात जो निर्णय होईल, त्याप्रमाणे जागेचं व्हावं. सभेने जागा संस्थेला द्यायचं ठरवलं तर द्यावी. मला फार वाईट वाटेल, पण मला विचारायचं नाही. तोपर्यंत, कितीही वर्षं लागोत, जागा फुलचंददादांच्या ताब्यात विश्वासाने राहील, रविवारची उपासना नेहमीसारखी चालेल, आणि कोणालाही ती विकता, बक्षीस देता किंवा गहाण टाकता येणार नाही.

मंडळीची जागा बौद्ध माणसाच्या हाती दिली, यावर मोहनसिंग बोलणार आहे. त्याला माझं उत्तर असं की फुलचंददादांनी आमच्या सभेत कधी डोळे उघडे ठेवून हात मोजलेले नाहीत.

पाच. गाडगं आणि सतरंजी.

मी मंडळीची चिटणीस होते म्हणून ही दोन्ही माझ्या घरात आहेत. ती माझी नाहीत, त्यामुळे देऊ शकत नाही, फक्त परत करते. सतरंजी धुऊन ठेवली आहे. राजपालने आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्यात असं ऐकते, पुढच्या ओळीतल्या तर हात टेकायच्या.

सहा. माझी माती.

मला लाकडी पेटी नको, चादरीत ठेवलं तरी चालेल. पाळकाशिवाय माती होत नाही असं समजू नये. विश्वास ठेवणारं कोणीही प्रार्थना करू शकतं, ही आमची जुनी शिकवण आहे. हिरीबाईने करावी, तिला जमेल तशी. ती मध्येच सुनेची तक्रार देवाला सांगते, ती सांगू द्यावी. राजपाल यायचा असेल तर भाऊ म्हणून यावा, पांढरा झगा घरी ठेवून. लहानपणी विहिरीवर माझा हात धरून चालायचा तो राजपाल आला तर मला चालेल. त्याला पाहिल्यावर माझा राग टिकणार नाही, म्हणून तो मी आत्ताच लिहून ठेवते आहे.

सात. माफी.

वकिलांनी सुचवलं की शेवटी सर्वांना क्षमा केली असं लिहावं, शोभून दिसतं. उज्ज्वलाला मी क्षमा केली आहे. ताट पलीकडे देण्याआधी ती माझ्यापुढे थांबली, ते मी पाहिलं. जानरावला केली, त्याला काय चाललं आहे ते कधीच कळलेलं नव्हतं. मोहनसिंगला करायचा प्रयत्न चालू आहे. राजपालला मी एकटी क्षमा करू शकत नाही. त्याने एकट्या माझं काही घेतलं असतं तर केली असती. त्याने सगळ्यांचा बोलायचा हक्क घेतला आहे, आणि ते माफ करायचा अधिकार मला एकटीला नाही.

आठ. व्यवस्थापक.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी फुलचंददादांनी करावी. त्यांनी हा कागद पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाले, “तू तं मेल्यावरबी सभा भरवून राह्यली.” मी हो म्हटलं. त्यांनी व्यवस्थापक व्हायला संमती दिली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्रात काही मिळत नाही. प्रयागबाईने विचारलं, “मले काहीच नाही काय?” साक्षीदाराला देता येत नाही असं वकिलांनी समजावलं, तेव्हा तिने थोडा विचार करून सही केली.

ठिकाण : केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२४

सही : सुवार्ता देवमन खंडारे

साक्षीदार :
१. प्रयागबाई, शेजारीण, राहणार केनवड
२. रामधन, शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार केनवड

सह्यांच्या खाली.

हा मजकूर मालमत्तेचा नाही, कोणावर बंधनकारकही नाही, तेव्हा तो सह्यांच्या खाली लिहा असं वकील म्हणाले. तसा लिहिते. फुलचंददादांनी तो राजपालला वाचून दाखवावा.

राजपाल, माझं नाव तू कमी केलंस, मंडळीने नाही. त्यामुळे आज मी आत आहे की बाहेर, हे मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही. आपल्या विश्वासात मेलेला माणूस मंडळीतून जात नाही. जिवंत आणि गेलेले मिळून एकच मंडळी, असं तूच आईच्या मातीला म्हणाला होतास. म्हणून मेलेल्या बाईचं नाव ठरवून काय करायचं, असं मोहनसिंग म्हणाला तर त्याला हे सांग.

माझ्या नावावर सभा घे. जागेसाठी नको, फक्त माझ्या नावासाठी. ज्यांना मी चुकले असं वाटतं त्यांना माझ्याविरुद्ध बोलू दे, तू सर्वांत आधी बोल, आणि सगळी मंडळी नाही म्हणाली तर मी बाहेर राहीन, तक्रार न करता. तू सभा बोलावणार नाहीस. हे लिहितानाही मला ते स्पष्ट दिसतं आहे. तरी मी तुझी मोठी बहीण म्हणून नाही, या मंडळीतली एक बाई म्हणून मागते: राजपाल, मला काढायचं असेल तर सगळ्यांना बसवून काढ.